लिओ फेंडर : गिटार न वाजविणारा गिटारकार

विद्यार्थिमित्रांनो, थोर पुरुषांची चरित्रे आपण या अंकातून दरवर्षी वाचता. संत, सेनानी, शास्त्रज्ञ आणि कवी यांची ती असतात. यंदा मी आपणांस एका दुरुस्ती-कारागिराची जीवनकथा सांगणार आहे. तिला निमित्त झाले ते आपल्या शाळेतलेच.

गतवर्षीच्या स्नेहसंमेलनाच्या आदल्या दिवशी दहावीच्या एका विद्यार्थ्याने स्वतः तयार केलेली विजेची गिटार सभागृहात आणली. फणसाच्या फळीतून कापून, घासून, रंगवून त्याने तिचा देह घडविला होता. गळा, तारा आणि इतर सुटे भाग विकत आणून त्यावर बसविले होते. गिटारची दोरी ॲम्प्लिफायरला जोडताच मधमाश्यांचे पोळे उठावे तसा गुणगुणाट सुरू झाला. मुलाने तारांवर तळहात ठेवला, तर तो अधिकच वाढला. मात्र दोरी जेथे खोचतात तेथील धातूच्या कड्याला बोट लागताच गुणगुणाट बराचसा निवाला. आमच्या विज्ञानशिक्षकांनी गिटारची पाठ उघडली आणि क्षणात रोग ओळखला. तारा ज्या धातूच्या घोडीवर टेकतात, तिला अर्थिंगची तार जोडावयाची राहून गेली होती. वीतभर तार, फळीत एक बारीक भोक आणि सोल्डरचा एक थेंब एवढ्यावर काम भागले. दुसऱ्या दिवशी मुलगा रंगमंचावर वाजवू शकला.

कार्यक्रम संपल्यावर त्या मुलाने मला विचारले की, ही एवढी बारीकसारीक व्यवस्था मुळात बसविली कोणी? मी भाषा शिकविणारा मनुष्य. माझ्यापाशी उत्तर नव्हते. शोध घेता घेता ज्याचे चरित्र हाती लागले, तो लिओ फेंडर. अर्थिंगची तार हा त्याचा एकट्याचा शोध नव्हे. विजेची गिटारही त्याच्या आधी जन्मली होती. जॉर्ज बोशॅम्प याने कल्पिलेली आणि रिकेनबॅकरच्या कारखान्यात तयार झालेली हवाईयन पद्धतीची विजेची गिटार १९३२ च्या सुमारास विक्रीस आली होती. परंतु एका भरीव फळीवर गळा, घोडी, चुंबक आणि तारा स्क्रूंनी बसवून, कोणालाही खोलता व जोडता येईल असे वाद्य मोठ्या संख्येने घडविण्याचे श्रेय प्रामुख्याने फेंडरकडे जाते. आमच्या विद्यार्थ्याची फणसाची गिटारही त्याच घराण्यातली होती.

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील कॅलिफोर्निया राज्यात ॲनाहाइम आणि फुलर्टन ही गावे एकमेकांना लागून आहेत. शंभर वर्षांपूर्वी त्या परिसरात संत्र्यांच्या बागा पसरलेल्या होत्या. अशाच एका बागाइतदाराच्या घरी १० ऑगस्ट १९०९ रोजी लिओचा जन्म झाला. त्याचे पूर्ण नाव क्लॅरेन्स लिओनिडस फेंडर. घर कष्टाळू होते. मुलाने बागेत राबावे, शाळेत जावे आणि मिळालेली वस्तू जपून वापरावी, अशी तेथील रीत होती.

आठव्या वर्षाच्या सुमारास लिओवर मोठे संकट कोसळले. डोळ्याच्या विकारामुळे त्याचा डावा डोळा काढावा लागला आणि तेथे काचेचा डोळा बसविण्यात आला. पुढे दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी याच कारणास्तव तो सैन्यभरतीस अपात्र ठरला. सूक्ष्म कामासाठी दोन डोळे हवेत असे आपण मानतो. या मुलाने एका डोळ्याने केसासारख्या बारीक तारांची वेटोळी गुंडाळली, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

त्याच्या मामा-काकांपैकी एक जण सांता मारिया गावी मोटारींच्या विजेच्या दुरुस्तीचे दुकान चालवीत असे. लिओ तेरा-चौदा वर्षांचा असताना त्याने भाच्याला टाकाऊ सुट्या भागांची एक पेटी व मोटारीची बॅटरी धाडली. पुढच्या वर्षी लिओ त्या दुकानी गेला, तेव्हा सुट्या भागांतून जोडलेला एक रेडिओ दर्शनी भागात मोठ्याने गात असलेला त्याने पाहिला. तो आवाज त्याच्या कानांत कायमचा बसला. घरी परतल्यावर तो रेडिओ खोलू लागला, जोडू लागला, आणि थोड्याच दिवसांत शेजारपाजारच्यांचे रेडिओ दुरुस्त करून देऊ लागला.

लहानपणी त्याने पियानोचे आणि सॅक्सोफोनचे धडे घेतले होते. गिटार मात्र तो कधीच शिकला नाही. ज्याच्या नावाच्या गिटारी जगभर वाजल्या, त्याला एक साधे गाणेही गिटारवर वाजविता येत नसे! यास उणीव म्हणावे की आणखी काही, हे पुढील हकिगत वाचून आपणच ठरवावे.

१९२८ साली फुलर्टनच्या हायस्कुलातून उत्तीर्ण होऊन तो तेथीलच ज्युनिअर कॉलेजात गेला. विषय घेतला हिशेबनिशीचा. विद्युत्‌शास्त्राची पदवी त्याने कधीच घेतली नाही. ती विद्या त्याने दुकानातील कामावर आणि पुस्तकांच्या वाचनावर मिळविली. शिक्षणानंतर तो बर्फाच्या एका कंपनीत प्रथम माल पोचविणारा व मग हिशेबनीस झाला. याच सुमारास एका वाद्यवृंदप्रमुखाने नृत्याच्या कार्यक्रमांसाठी ध्वनिवर्धक यंत्रे बनवून मागितली आणि लिओने ती करून दिली. १९३४ मध्ये एस्थर क्लॉस्की हिच्याशी त्याचा विवाह झाला. पुढे त्याला राज्याच्या महामार्ग खात्यात हिशेबनिसाची जागा मिळाली. परंतु ते जागतिक मंदीचे दिवस होते. ती जागा गेली. टायरच्या कंपनीतील दुसरी नोकरीही काही महिन्यांतच सुटली.

अशा वेळी मनुष्य खचतो. लिओ आपल्या जुन्या छंदाकडे वळला. १९३८ मध्ये सहाशे डॉलरचे कर्ज काढून त्याने फुलर्टन येथे रेडिओ दुरुस्तीचे दुकान उघडले. गावोगावचे वादक आपली नादुरुस्त उपकरणे घेऊन तेथे येऊ लागले. कोणाच्या गिटारचा आवाज ऐकू जात नसे, कोणाच्या ॲम्प्लिफायरमधून शिट्ट्या निघत. लिओ प्रत्येकाची तक्रार ऐकून घेई, उपकरण खोले, आणि ते पुन्हा का बिघडेल याचाही विचार करी. दुरुस्ती करणाऱ्याच्या हाताखालून दुसऱ्यांच्या चुका जात असतात. लिओची खरी पाठशाळा तीच होय.

तेथेच त्याला डॉक कॉफमन नावाचा वादक व कारागीर भेटला. नव्या चुंबकाची परीक्षा घ्यावी म्हणून या दोघांनी १९४३ मध्ये एक ओबडधोबड भरीव लाकडाची गिटार तयार केली. ती केवळ चाचणीसाठी होती. पण तिचा स्वच्छ आवाज ऐकून आसपासचे वादक ती भाड्याने नेऊ लागले आणि तिच्यासाठी पाळी लावून थांबू लागले! दोघांनी मिळून के अँड एफ या नावाने हवाईयन गिटारी व ॲम्प्लिफायर बनविण्याचा उद्योग सुरू केला. १९४६ मध्ये कॉफमन त्यातून बाहेर पडला आणि लिओने स्वतःच्या नावाने नवा कारखाना काढला. सुरुवातीची वर्षे ओढाताणीची होती. एस्थर टेलिफोन कंपनीत नोकरी करीत असे. त्या पगाराचा संसाराला मोठा आधार होता.

आता वाद्याच्या रचनेकडे थोडे वळू या. कारण या मनुष्याचे चरित्र त्याच्या वाद्यांपासून वेगळे काढता येत नाही.

तंबोरा आपण सर्वांनी पाहिला आहे. मिरजेच्या कारागिरांचे तंबोरे आमच्या भागातील कित्येक घरांत आणि देवळांत आहेत. त्याच्या तबलीवर एक रुंद घोडी असते. तारा तिच्यावरून जातात. तारेखाली दोरा सरकवून जवारी लावतात आणि घोडीच्या खाली ओवलेले मणी हलवून स्वर नेमका मिळवितात. तंबोऱ्याची घोडी तारेचे कंपन पोकळ भोपळ्यापर्यंत पोचविते आणि भोपळा ते घुमवितो. साध्या गिटारीतही पोकळ पेटी हेच काम करते. परंतु अशा पोकळ गिटारीला चुंबक लावून मोठ्या आवाजात वाजविले, की ॲम्प्लिफायरमधून येणारा नाद पेटीला पुन्हा हलवितो, तो पुन्हा ॲम्प्लिफायरात शिरतो, आणि कानठळ्या बसविणारी किंकाळी उठते. लिओने पेटीच काढून टाकली. देह म्हणजे एक भरीव फळी, आणि नाद उचलावयाचा तो पिकअप नावाच्या चुंबकाने. चुंबकाभोवती बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे असतात. त्याजवळ पोलादी तार थरथरली की वेढ्यांत क्षीण वीज उत्पन्न होते, आणि ॲम्प्लिफायर तिला मोठे करतो.

१९५० साली या रचनेच्या गिटारी बाजारात आल्या. एका चुंबकाची ती एस्क्वायर आणि दोन चुंबकांची ती ब्रॉडकास्टर. ग्रेच नावाच्या जुन्या वाद्य कंपनीच्या ढोलांना जवळजवळ हेच नाव असल्याने तिने हरकत घेतली. फेंडरने तंटा केला नाही. कारखान्यात छापून पडलेल्या नावपट्ट्यांतून तेवढा शब्द कातरून टाकण्यात आला, आणि काही महिने ती गिटार बिननावाचीच विकली गेली. १९५१ मध्ये तिला टेलिकास्टर हे नाव मिळाले. दूरचित्रवाणीच्या त्या नव्या युगाला साजेसेच ते होते.

तिची घोडी म्हणजे पोलादी पत्र्याची ताटली. पितळेच्या तीन लहान नळ्या तिच्यावर आडव्या ठेवलेल्या असतात आणि प्रत्येक नळीवर दोन तारा टेकतात. तारा फळीच्या पाठीमागून भोकांतून वर येतात. मागचा चुंबक याच ताटलीत बसविलेला असतो. घोडी आणि चुंबक यांच्या या संयोगाचे पेटंट लिओला १९५१ मध्ये मिळाले. या रचनेत अर्थिंगचीही सोय चातुर्याने साधली आहे. चुंबकाच्या तळाशी तांब्याचा मुलामा दिलेला पत्रा असून तो अर्थिंगच्या तारेला जोडलेला असतो. चुंबक ज्या स्क्रूंवर टांगलेला असतो, ते स्क्रू पत्र्याला व ताटलीला दोहोंनाही स्पर्श करतात. त्यामुळे ताटली, नळ्या आणि सर्व तारा आपोआप अर्थिंगशी जोडल्या जातात.

याची गरज काय, ते समजून घेतले पाहिजे. आपल्या घरातील वीज सेकंदाला ५० वेळा आवर्तन करते. अमेरिकेत ६० वेळा. भिंतीतील तारा, दिवे आणि पंखे यांतून हा कंप सभोवार पसरतो. मनुष्यदेह त्याला एरिअलसारखा झेलतो. वादक गिटार छातीशी धरतो तेव्हा तो हा कंप चुंबकाच्या अगदी जवळ आणून ठेवतो. तारा अर्थिंगशी जोडलेल्या असल्या, तर बोटे तारांना लागताच वादकाचा देहही त्या मार्गाशी जोडला जातो आणि गुणगुणाट ओसरतो. तारा जोडलेल्या नसल्या, तर आमच्या विद्यार्थ्याचे झाले तेच होते. चुंबकाचे वेढे स्वतः जो गुणगुणाट पकडतात, तो मात्र या तारेने जात नाही. त्यावरही लिओने काम केले. १९५७ मध्ये त्याने आपल्या बास गिटारीसाठी चुंबकाचे दोन भाग असे केले की, एकात आलेला गुणगुणाट दुसऱ्यातल्याला उलट पडून दोन्ही मावळावेत.

ही बास गिटार १९५१ मध्येच निघाली होती. तोवर खर्जाच्या स्वरासाठी वादकांना माणसाएवढे उंच वाद्य पाठीवर वाहून न्यावे लागे. त्याच्या गळ्यावर पडदे नसल्याने स्वर अंदाजानेच शोधावा लागे. लिओने ते वाद्य गळ्यात अडकविण्याजोगे केले आणि त्याला पडदे दिले. स्वर अचूक लागतो म्हणून नाव ठेवले प्रिसिजन.

तरीही टेलिकास्टरविषयी वादकांच्या तक्रारी होत्याच. फळीच्या कडा छातीला टोचतात, असे कोणी सांगे. दोन तारांना मिळून एकच नळी असल्याने सगळ्या तारा पूर्ण सुरात येत नाहीत, असे दुसरा म्हणे. यातील दुसरी तक्रार शास्त्रशुद्ध होती. पडद्यावर तार दाबली की ती किंचित ताणली जाते आणि स्वर किंचित चढतो. तार जितकी जाड, तितका हा चढ सामान्यतः अधिक. म्हणून गळ्याच्या टोकापासून बाराव्या पडद्यापर्यंतच्या अंतराच्या दुपटीवर घोडी बसविली तरी काम पुरे होत नाही. फेंडरच्या गिटारीत हे अंतर पावणेतेरा इंच व त्याची दुप्पट साडेपंचवीस इंच आहे. प्रत्येक तारेची बैठक त्याहून थोडीशी मागे, आणि प्रत्येक तारेसाठी निरनिराळ्या प्रमाणात सरकवावी लागते. बाराव्या पडद्यावर तार नुसती स्पर्शून छेडल्यास निघणारा स्वर, आणि तेथेच तार दाबून निघणारा स्वर, हे दोन्ही तंतोतंत जुळले म्हणजे बैठक योग्य जागी आली असे समजावे. दाबलेला स्वर चढा असेल तर बैठक मागे न्यावी. उतरता असेल तर पुढे आणावी.

१९५३ मध्ये फ्रेडी ताव्हारेस नावाचा वादक व कारागीर लिओच्या हाताखाली आला. तो हवाई बेटांवरचा. त्याचे आडनाव मात्र गोव्यातील कानांना ओळखीचे वाटावे. ताव्हारेस, जॉर्ज फुलर्टन हा जुना सहकारी आणि बिल कार्सन वगैरे वादक यांच्या साहाय्याने नव्या गिटारीचे काम सुरू झाले. तिच्या सहा तारांना सहा स्वतंत्र बैठका दिल्या. कडा गोलावल्या, पोटाकडची बाजू खोलगट केली. शिवाय एक दांडी जोडावयाची होती. ती दाबली की सर्व तारा एकदम सैल पडून स्वर आंदोलित व्हावा. गायकाच्या गळ्यातील कंपाप्रमाणे.

येथे लिओची कसोटी लागली. त्या दांडीसाठी त्याने फिरत्या चाकांची घोडी बनविली. तिचे साचे तयार झाले, पैसा खर्ची पडला. पण गिटार जोडून वाजविली तेव्हा नाद पातळ निघाला आणि लवकर विरून गेला. तारा चाकांवर टेकल्यामुळे त्यांचा जोर फळीत उतरत नव्हता. झाला खर्च पाहून एखाद्याने तीच गिटार विकावयास काढली असती. स्वतःला वाजविता येत नसलेल्या लिओने वाजविणाऱ्यांच्या कानांवर विश्वास ठेवला, सारे साचे मोडीत काढले आणि पुन्हा पहिल्यापासून आरंभ केला.

नवी घोडी त्याने सहा स्क्रूंच्या कडांवर तोलली, जणू सोनाराचा तराजूच. घोडीच्या पोटाखाली पोलादाचा एक जड ठोकळा जोडला आणि तारांची मुळे त्यातच रोवली. दांडी दाबताच घोडी, ठोकळा व तारांची मुळे एकत्र डुलतात. त्यामुळे तारा घासत नाहीत, आणि ठोकळ्याच्या वजनामुळे नाद भरदार राहतो. तारांच्या ओढीला तोल म्हणून फळीच्या पाठीत स्प्रिंगा बसविल्या. त्या स्प्रिंगा पंजाच्या आकाराच्या एका पत्र्याला अडकविलेल्या असतात, आणि तो पंजा दोन लांब स्क्रूंनी लाकडात आवळलेला असतो. अर्थिंगची तार याच पंजाला सोल्डर केलेली असते. पंजातून स्प्रिंगांत, स्प्रिंगांतून ठोकळ्यात आणि ठोकळ्यातून तारांत असा तो मार्ग पुरा होतो. १९५४ मध्ये ही गिटार स्ट्रॅटोकास्टर या नावाने बाजारात आली. तिच्या डुलत्या घोडीचे पेटंट १९५६ मध्ये मिळाले.

ज्यांना स्वतः गिटार जोडावयाची असेल त्यांच्यासाठी विज्ञानशिक्षकांनी सांगितलेल्या चार गोष्टी येथेच नमूद करतो. घोडीचे स्क्रू पिळण्यापूर्वी दोन्ही बाजूंच्या तारांच्या जागी दोरा ताणून पाहावा. दोरा गळ्याच्या दोन्ही कडांपासून सारख्याच अंतरावर पडला पाहिजे. स्क्रूंसाठी आधी बारीक भोके पाडावीत, नाहीतर फळी तडकते. स्थिर घोडी असेल तर आतल्या पोकळीपासून घोडीच्या खालपर्यंत तिरके भोक पाडून तार आणावी, तिचे टोक सोलून पंख्यासारखे पसरावे व ताटलीखाली घट्ट दाबावे. मध्ये रंगाचा थर आला तर वीज जात नाही. डुलत्या घोडीच्या पंजाला सोल्डर करताना पत्रा प्रथम घासून घ्यावा आणि मोठी सोल्डरिंग इस्त्री वापरावी, कारण तो पत्रा उष्णता शोषून घेतो व अर्धवट तापलेला सोल्डर पुढे सुटतो. शेवटी मीटरचे एक टोक तारेला आणि दुसरे दोरी खोचावयाच्या कड्याला लावून पाहावे. काटा जवळजवळ शून्य ओहम दाखवील तर काम चोख झाले.

आणखी एक गोष्ट त्याहून महत्त्वाची आहे. अर्थिंगची ही तार गुणगुणाट शमविते. वादकाचे प्राण रक्षण्याचे काम मात्र ॲम्प्लिफायरच्या तिसऱ्या पिनेचे आहे. गिटारच्या तारा ॲम्प्लिफायरच्या सांगाड्याशी जोडलेल्या असतात. तो सांगाडा भूमीशी नीट जोडलेला नसला, किंवा समोरचा मायक्रोफोन सदोष असला, तर एक हात तारांवर आणि दुसरा हात वा ओठ मायक्रोफोनला लागताच वीज वादकाच्या देहातून जाते. ३ मे १९७२ रोजी ब्रिटनमधील स्वान्सी येथे लेस्ली हार्वे हा स्कॉटिश वादक रंगमंचावर असाच मृत्यू पावला. त्याचे वय अवघे सत्तावीस वर्षांचे होते. आमच्याकडे पावसाळ्यात भिंती ओलावतात, मांडवातील जोडण्या घाईने केल्या जातात. दोन छिद्रांच्या सॉकेटात बसावा म्हणून प्लगची तिसरी पिन कोणी काढीत असेल, तर त्याला तत्काळ थांबवावे.

आता पुन्हा लिओकडे येऊ. कारखाना वाढत गेला, पण मालक शेवटपर्यंत कारागीरच राहिला. त्याला सभा-समारंभांची हौस नव्हती. कामाच्या टेबलाशी तो रमे. गिटारचा गळा त्याने चार स्क्रूंनी बसविला, तो बिघडल्यास सहज बदलता यावा म्हणून. जन्मभर दुरुस्ती केलेल्या माणसालाच असले सुचते.

१९५५ च्या सुमारास त्याला सायनसचा एक चिवट जंतुदोष जडला. तो वर्षानुवर्षे हटेना. आपण फार काळ जगत नाही, असे त्याच्या मनाने घेतले, आणि कारखान्याची व्यवस्था लावून मोकळे व्हावे म्हणून त्याने तो विकला. १९६५ च्या जानेवारीत सीबीएस या मोठ्या कंपनीने तो एक कोटी तीस लाख डॉलरला घेतला. नंतर काही काळाने एका वैद्याने पेनिसिलिनचा भारी मात्रेत प्रयोग केला आणि तो जुना विकार बरा झाला! मृत्यू टळला होता. परंतु कारखाना गेला होता, आणि त्याबरोबर नावही. वाद्यांवर फेंडर हे अक्षर छापण्याचा अधिकार आता फेंडरला राहिला नव्हता. करारान्वये दहा वर्षे त्याला स्पर्धेत उतरण्याचीही मनाई होती.

हा घाव लहान नव्हता. त्याविषयी लिओने गाऱ्हाणी गात बसल्याचे मात्र दिसत नाही. तो पुन्हा कामाच्या टेबलाशी जाऊन बसला. मुदत संपल्यावर १९७५ मध्ये तो म्यूझिक मॅन या कंपनीचा अध्यक्ष झाला आणि पुढच्याच वर्षी तेथून त्याची स्टिंगरे ही बास गिटार निघाली. १९७९ मध्ये एस्थर कर्करोगाने निवर्तली. पुढे त्याने दुसरा विवाह केला. जॉर्ज फुलर्टन या जुन्या सोबत्याबरोबर त्याने जी अँड एल हा शेवटचा कारखाना काढला; ही अक्षरे जॉर्ज व लिओ यांच्या नावांची.

सत्तरी ओलांडलेल्या या माणसाने तेथे काय करावे? त्याने आपली जुनी घोडी पुन्हा उघडली. १९५४ मध्ये सहा स्क्रूंवर तोललेली डुलती घोडी आता त्याने दोनच खुंट्यांवर तोलली, म्हणजे घर्षण आणखी कमी व्हावे. स्थिर घोडीच्या बैठका सैल पडून किणकिणतात असे दिसल्यावर, बाजूने एक स्क्रू आवळून त्या सर्व एकमेकींना घट्ट बांधण्याची युक्ती त्याने काढली. ज्या घोडीवर त्याची कीर्ती उभी होती आणि जिची नक्कल सारे जग करीत होते, तिच्यातही दोष असू शकतात हे त्याने स्वतःच मान्य केले व ते दूर केले.

उतारवयात त्याला कंपवात जडला. हात थरथरू लागले तरी तो कारखान्यात जात राहिला. २१ मार्च १९९१ रोजी वयाच्या ८१ व्या वर्षी त्याचे निधन झाले. पुढच्या वर्षी अमेरिकेतील रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम या संस्थेने त्याचे नाव आपल्या मानकऱ्यांत घेतले. बडी हॉली, जिमी हेन्ड्रिक्स यांसारख्या वादकांनी त्याची गिटार तोवर जगाच्या कानाकोपऱ्यात नेली होती. जी अँड एलच्या कारखान्यातील त्याची कामाची खोली त्याच्या मागे तशीच जपून ठेवण्यात आली.

मुलांनो, गिटार न येणे ही लिओची उणीव होती काय, हा प्रश्न मी आरंभी ठेवला होता. मला असे वाटते की, त्या उणिवेनेच त्याला ऐकावयास शिकविले. स्वतःला वाजविता आले असते तर कदाचित त्याने स्वतःच्या हातालाच प्रमाण मानले असते. ते येत नव्हते म्हणून तो प्रत्येक वादकाकडे गेला, त्याचे बोलणे मनावर घेतले आणि दोष आपल्या वाद्यात शोधला. आपल्यापैकी पुष्कळांना जे विषय येत नाहीत, त्यांची लाज वाटते. न येणे लपवू नये. जाणत्याकडे जाऊन विचारावे. त्या मुलाने रंगमंचावर जाण्याच्या आदल्या दिवशी गुणगुणणारी गिटार सर्वांसमक्ष विज्ञानशिक्षकांपुढे ठेवली, म्हणून तिचा दोष सापडला.

ती फणसाची गिटार आता आमच्या संगीताच्या खोलीत तंबोऱ्याशेजारी टांगलेली आहे. मुलाने ती शाळेला दिली. तिची पाठ उघडली की आत हिरव्या रंगाची वीतभर तार दिसते. बाहेरून पाहणाऱ्याला ती कधीच दिसणार नाही. पण तारांवर बोट ठेवले की खोलीतला गुणगुणाट ओसरतो आणि मग जो स्वर येतो, तो स्वच्छ येतो.